उंदराला व्हिटॅमिन सी देण्याआधी

व्हिटॅमिन सी आणि कॅन्सर प्रतिबंध या विषयावर जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून नुकते रुजू झालेल्यांसाठी लिहितेय. आयएईसीचा, म्हणजे संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीचा फॉर्म कसा भरायचा, गट कसे पाडायचे हे सिनियर शिकवतीलच. माझं पीएचडीचं पहिलं वर्ष ज्यात गेलं ते मात्र कुणी बजावून सांगत नाही: साध्या उंदराला व्हिटॅमिन सी बाहेरून लागतच नाही.

उंदीर आणि रॅट ते ग्लुकोजपासून स्वतःच्या यकृतात बनवतात. त्यातल्या शेवटच्या पायरीचं गुलो हे एन्झाइम माणसात आणि गिनीपिगमध्ये निकामी आहे. म्हणूनच 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांना स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या कमतरतेचा आजार, गिनीपिगमध्ये दिसला. वाचताना सोपं वाटतं. आता तुमचा प्रस्ताव उघडा. त्यातला कंट्रोल गट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट, 'व्हिटॅमिन सी न मिळालेला' नाहीच, त्याला रोज पुरेसं मिळतंय. दुसऱ्या गटाला तुम्ही पाण्यातून आणखी दिलंत, म्हणजे भरलेल्या टाकीत नळ सोडलात. जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं. शेवटी दोन्ही गटांत कॅन्सरच्या गाठी सारख्याच, आणि आपण लिहून मोकळे की व्हिटॅमिन सीचा उपयोग नाही. अहो, कमतरतेचा प्रश्न त्या प्रयोगाने विचारलाच नव्हता!

तो विचारायचा तर गिनीपिग घ्या, किंवा गुलो जनुक काढलेले उंदीर. ते 2000 साली नॉर्थ कॅरोलायनात माएदा यांच्या गटाने तयार केले. त्यांना लिटरमागे 330 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी घातलेलं पाणी देतात, आणि ते प्रमाण कमी केलं की खरी कमतरता येते. 2017 मध्ये अशाच उंदरांत, कमतरतेमुळे रक्ताचा कॅन्सर वेगाने वाढतो असं दिसलं.

साधे उंदीर आधीच मागवले असतील तर घाबरू नका, ते वाया जात नाहीत. प्रश्न बदला. 2008 मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या लेव्हिन यांच्या गटाने गुलो शाबूत असलेल्या उंदरांनाच किलोमागे 4 ग्रॅमपर्यंत इंजेक्शनने दिलं आणि गाठींची वाढ मंदावली. पण तो उपचार झाला, प्रतिबंध नव्हे. शिवाय तोंडावाटे रक्तातली ती पातळी गाठताच येत नाही. व्हिटॅमिन सीने कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात असं पॉलिंग-कॅमेरॉन म्हणत, मेयो क्लिनिकला तसं दिसलं नाही; त्या वादात हाच मुद्दा नंतर पुढे आला: कॅमेरॉन आधी शिरेतून देत, मेयोने फक्त तोंडाने दिलं. लेव्हिन यांचा 2008 चा पेपर प्रतिबंधाच्या प्रस्तावात पुरावा म्हणून टाकू नका. परीक्षक पकडतात, आणि पकडायलाच हवं.

मेडिकलमधून संत्र्याच्या चवीच्या गोळ्या आणून पाण्यात विरघळवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मग तो गाइडने का दिलेला असेना. त्यांत साखर असते, रंग असतो आणि बऱ्याचदा सोडियम अॅस्कॉर्बेट, म्हणजे व्हिटॅमिन सीचं सोडियमचं क्षाररूपही. जपानमध्ये रॅटना मूत्राशयाच्या कॅन्सरचं रसायन देऊन नंतर खाद्यातून 5 टक्के सोडियम अॅस्कॉर्बेट दिलं, तर गाठी वाढल्या. साध्या अॅस्कॉर्बिक अॅसिडने, म्हणजे नुसत्या व्हिटॅमिन सीने, तसं झालं नाही. लघवीचा पीएच आणि सोडियम, दोन्ही चढले होते. क्षाररूप वापरणार असाल तर सोडियमचा वेगळा कंट्रोल गट ठेवाच.

बाटलीकडेही रोज बघा. पाणी पिवळसर दिसायला लागलं की त्यातलं व्हिटॅमिन नासलंय असं समजा. तांब्याचा अंश आणि उजेड, दोन्ही त्याचे वैरी आहेत. बाटलीला फॉइल गुंडाळा, पाणी वरचेवर बदला.

माझं स्पष्ट मत: पहिल्या महिन्यात गाइडपेक्षा अॅनिमल हाउसमध्ये काम करणाऱ्या दादा-मावशींजवळ जास्त बसा. गिनीपिग उचलताना सांधा दुखून किंचाळला, तर स्कर्व्हीची शंका त्यांना तुमच्याआधी येते. गिनीपिगच्या खाद्याच्या पोत्यावरची तारीखही तेच बघतात, कारण जुन्या पोत्यातलं व्हिटॅमिन सी कधीच उडालेलं असतं. ती तारीख स्वतःच्या वहीत लिहा. आणि कॅन्सर आणणारं रसायन देण्याआधी प्रत्येक गटातल्या काही जनावरांच्या रक्तातली अॅस्कॉर्बेटची, म्हणजे व्हिटॅमिन सीची पातळी मोजून घ्या. दोन गटांत फरकच नसेल तर तिथेच थांबा आणि रचना बदला.