फोन बिघडला तरी कागद आणि फोटो हाती राहावेत, म्हणून क्लाउड कसं वापरावं

फवारणीच्या पंपाचं पाणी फोनमध्ये गेलं, की पराटीच्या (कपाशीच्या) नुकसानीचे फोटो, सातबारा, पासबुकाची प्रत, लग्नाचे व्हिडिओ असं सगळं एका झटक्यात जातं. हेच सामान इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर ठेवणं आणि हवं तेव्हा कोणत्याही फोनवर उघडणं, याला क्लाउड म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये त्याची सोय आधीच असते. गुगलच्या खात्यावर साधारण १५ जीबी जागा फुकट मिळते. जीमेल, ड्राइव्ह, फोटोज आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप (जपून ठेवलेली दुसरी प्रत) हे चौघंही तीच जागा वापरतात.

सगळ्यात आधी खातं कोणाचं आहे ते बघा. गावाकडे बरेचदा मोबाइलच्या दुकानदारानेच खातं काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. असा फोन गेला, की क्लाउडवरचं सामानही हाताबाहेर जातं. जीमेल उघडा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट टेकवा, खात्याच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी'त जा. तिथे पासवर्ड बदला आणि रिकव्हरी नंबर (खातं परत मिळवायला लागणारा) स्वतःचा, चालू असलेला टाका. रिचार्जअभावी बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते, म्हणून जुनं सिम सोडलं की इथला नंबरही त्याच दिवशी बदला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करून मिळणारे बॅकअप कोड वहीत लिहा आणि वही घरातच ठेवा.

आता फोटो. गुगल फोटोज उघडून 'बॅकअप' चालू करा, गुणवत्ता 'स्टोरेज सेव्हर' ठेवा. एक फोटो ४ एमबीचा धरला, तर ५०० फोटोंना २ जीबी लागतात. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर एका दिवसात ते चढायचे नाहीत. म्हणून मोबाइल डेटावर बॅकअप बंद ठेवा आणि तालुक्याला नातेवाइकाकडे वायफाय मिळालं, की फोन चार्जिंगला लावून राहू द्या. वरचं 'बॅकअप कम्प्लीट' दिसल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

घात होतो तो पुढच्या पायरीवर. फोन भरला म्हणून फोटोज अ‍ॅपमध्ये फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस'च दाबा, त्याने फक्त फोनमधली प्रत पुसली जाते. चुकून उडालेला, बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये (अ‍ॅपच्या कचरापेटीत) ६० दिवस राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आपोआप चढत नाहीत. 'बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स'मध्ये जाऊन तो फोल्डर चालू करावा लागतो. वावरातल्या नुकसानीचा फोटो मात्र कॅमेऱ्यातला मूळच जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोसारखा पाठवला, की तो दाबून लहान केला जातो आणि त्यातली तारीख व ठिकाणाची नोंद निघून जाते.

कागदांसाठी ड्राइव्ह अ‍ॅप घ्या. अधिक चिन्हातलं 'स्कॅन' किंवा कॅमेऱ्याचं चिन्ह निवडा, कागद उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, पीडीएफ तयार होते. नाव 'सातबारा गट ११४ सन २०२५' असं द्या, नाहीतर वर्षभराने सापडणार नाही. तहसीलमध्ये रेंज नसेल याची तयारी म्हणून फाइलच्या तीन ठिपक्यांतून 'मेक अव्हेलेबल ऑफलाइन' दाबून ठेवा.

आधार, वाहन परवाना, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये घ्या. तिथल्या 'इश्यूड' विभागातले (सरकारी खात्याने थेट दिलेले) कागद डिजिटल लॉकरच्या २०१६च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या तोडीचे असतात. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद मात्र नुसती प्रत.

शेवटी तपासणी करा. घरातल्या दुसऱ्या फोनवर ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी (बंद केल्यावर लॉगिन मागे न ठेवणारी) उघडा, आपल्या खात्याने लॉगिन करा आणि मागच्या महिन्याचा एक फोटो व सातबारा उघडून बघा. उघडले तर लॉगआउट करून खिडकी बंद करा. नाही उघडले, तर दोन्ही फोनवर खातं एकच आहे ना, हे आधी बघा.