टर्बोच्या गाडीतून धूर येतोय? आधी स्पार्क प्लग काढून बघा

सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की रेस द्यायची, आणि आरशात बघावं तर मागची गाडी निळसर ढगात गडप. माझ्या १.४ लिटरच्या सेकंडहँड पेट्रोल टर्बोनं सहा महिने मला असं लाजवलं. (टर्बो म्हणजे जळक्या गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा.) हायवेला घेतली की मात्र धुराचा मागमूस नाही. मेकॅनिकनं बॉनेटही न उघडता निकाल दिला, "टर्बो गेला." मीही मान डोलावली. नवा टर्बो बसला, पैसे मोजले, आणि आठव्या दिवशी पुन्हा तोच सिग्नल, तोच ढग.

तेव्हा मी ज्या क्रमानं बघायला हवं होतं, त्या क्रमानं आता लिहितोय. तुमचा एक टर्बो वाचला तर बरंच.

सगळे धुराच्या रंगापासून सुरुवात करतात. करा, पण रंगापेक्षा वेळ जास्त सांगून जाते. स्वतः चालवताना ती नीट कळत नाही, म्हणून मित्राला मागच्या गाडीत बसवा, फोनवर चित्रीकरण करायला सांगा आणि ठरवून चार गोष्टी करा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करा. इंजिन गरम झाल्यावर तीन मिनिटं न्यूट्रलला ठेवून मग रेस द्या. लांब उतारावर गिअरमध्येच, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून खाली या आणि सपाटीला लागताच दाबा. शेवटी वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, येऊ द्या.

धूर निळा असेल तर ऑईल जळतंय, त्यात वाद नाही. सकाळी चालू करताना एकच झोत आणि मग सगळं स्वच्छ, असं असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑईल सिलिंडरमध्ये उतरू न देणारे रबर) कडक झालेले असतात. रात्रभर ऑईल थेंबथेंब खाली उतरतं आणि पहिल्या ठिणगीला जळतं. उताराच्या शेवटी ढग आला तरी संशय आधी त्यांच्यावरच. भरपूर बूस्ट असतानाच धूर येत असेल तर पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या) किंवा क्रँककेसचा, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटाचा, ब्रीदर (तिथला गॅस बाहेर सोडणारी वाट). आणि बराच वेळ न्यूट्रलला ठेवल्यावर येत असेल, म्हणजे माझ्यासारखं, तर वाटा दोन: व्हॉल्व्ह सील, नाहीतर टर्बोचं ऑईल. या फाट्यावर अंदाजानं वळू नका. इथे प्लग काढायचे.

माझे चारही प्लग कोरडे होते, फिकट तपकिरी, अगदी पुस्तकात दाखवतात तसे. मग टर्बोच्या मागच्या डाउनपाइपमधला (सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतला) ऑक्सिजन सेन्सर खोलला. त्याचं टोक काळ्या ऑईलनं माखलेलं, बोट लावलं तर तार निघत होती. म्हणजे ऑईल सिलिंडरमधून गेलेलंच नाही, सिलिंडरच्या पुढे, टर्बाइनच्या (जळक्या गॅसनं फिरणाऱ्या पंख्याच्या) बाजूनं थेट सायलेन्सरच्या नळीत उतरतंय. व्हॉल्व्ह सील किंवा रिंग गेल्या असत्या तर निदान एखादा प्लग ओला किंवा काजळलेला दिसलाच असता. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि प्लगच्या पान्याखेरीज तिला फारसं काही लागत नाही. टर्बो बदलण्याआधी ती कोणीच केली नव्हती. मीसुद्धा.

मग मेकॅनिक बरोबर होता का? अर्धा.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. बहुतेक टर्बोत तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दोन्ही टोकांना जे सील असतात ते रबरी नसतात, पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात. साचलेलं ऑईल अडवणं हे त्यांचं कामच नाही. ऑईल वरून पंपाच्या दाबानं बारीक भोकातून आत येतं, पण बाहेर पडतं ते फक्त स्वतःच्या वजनानं, फेसाळून, खालच्या जाड नळीतून. म्हणून ही परतीची नळी जवळपास सरळ उभी लागते. उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेली चालत नाही. ती कुठे चेपली, आतून चोंदली, किंवा ती जिथे उतरते त्या क्रँककेसमध्येच दाब असला, तर ऑईल टर्बोच्या पोटात साचतं आणि दोन्ही टोकांनी बाहेर येतं. मग टर्बो कालच बसवलेला का असेना. न्यूट्रलला तर टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या (हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बाजूला दाब जवळपास नसतोच, त्यामुळे ऑईलला अडवणारं काही उरत नाही. माझा हायवे स्वच्छ आणि सिग्नल निळा का, हे कोडं इथे सुटलं.

तेव्हा टर्बोला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, डिपस्टिक. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर जास्तीचं ऑईल काढा, कधीकधी दुखणं एवढंच असतं. दुसरी, ब्रीदर. गरम इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवा. मोजा किंचित आत ओढला गेला तर ठीक. फुग्यासारखा ताठ उभा राहिला तर क्रँककेसमध्ये दाब साठतोय: ब्रीदर चोंदलाय, नाहीतर रिंगांतून गॅस खाली उतरतोय. आणि मोजा जोरात आत खेचला जाऊन शिट्टी वाजू लागली, तर पीसीव्हीचा, म्हणजे ब्रीदरमधल्या व्हॉल्व्हचा, पडदा फाटलाय. हे काम उघड्यावर करा, बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, आणि बाहीचं टोक पट्ट्यात जाणार नाही याकडे लक्ष असू द्या.

तिसरी गोष्ट, तीच परतीची नळी. माझ्या गाडीत ती वरून धातूची, खाली वीतभर रबरी होती. बाहेरून बघितली तर ठणठणीत, ना गळती ना भेग. काढून उजेडाकडे धरली तेव्हा कळलं. रबराचा आतला थर उष्णतेनं फुगून सुटला होता आणि भोकात जिभेसारखा लोंबत होता. अंगठ्याएवढ्या नळीतून जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट. वरच्या जोडाला कोणीतरी गॅस्केटच्या सोबतीला लाल सिलिकॉनही फासलं होतं, त्याचा एक तुकडा आत डोकावत होता. नवा टर्बो याच नळीवर बसवला होता! या जोडाला सिलिकॉन लावायचंच नसतं. नवं गॅस्केट कोरडं बसवायचं, बस्स.

टर्बो खरंच गेलाय का हे बघायचं तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हवेची नळी काढा आणि शाफ्टचं टोक दोन बोटांत धरा. वर-खाली किंचित हलेलच, ऑईलचा थर नसताना ते साहजिक आहे, तेवढ्यावरून त्याला मृत घोषित करू नका. आत-बाहेर मात्र बोटाला जाणवेल इतकं हलता कामा नये. एका बाजूला दाबून फिरवल्यावर पाती भिंतीला घासतात का ते ऐका, टॉर्च मारून भिंतीवर चरे आहेत का ते बघा. घासत असतील तर टर्बो बदला, पण तो का गेला तेही शोधा. ऑईल आणणारी बारीक नळी काजळीनं चोंदली असेल आणि तीच परत लावली, तर नवाही तसाच जाईल. हवेच्या नळीत ऑईलचा पुसट थर मात्र जवळपास प्रत्येक टर्बो गाडीत असतो. ब्रीदरची वाफ तिकडेच जाते, त्याला घाबरू नका.

इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) ऑईलचं तळं झालं असेल तर घाबरा, विशेषतः डिझेलवाल्यांनी. ते ऑईल इंजिननं ओढून घेतलं की किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, स्वतःचंच ऑईल जाळत आवाज चढवत राहतं. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून सगळ्यात वरचा गिअर टाका, क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर लांब व्हा. हवेच्या तोंडावर हात ठेवायला जाऊ नका.

प्लग ओले निघाले तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग). व्हॉल्व्ह सील या चाचणीत सापडत नाहीत, तेव्हा आकडे चांगले आले आणि प्लग तरी ओले, तर संशय तिकडेच न्या.

पांढऱ्याबद्दल थोडक्यात. थंड सकाळची वाफ म्हणजे आजार नव्हे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं, ते कुठेतरी बाहेर पडणारच. वाफ नळीपासून थोड्याच अंतरावर विरते. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा लोट रेंगाळत असेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर हेड गॅस्केट. खात्रीसाठी कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रवाची तपासणी नळी लावतात. पेट्रोल इंजिनचा जळका गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. गरम इंजिनचं झाकण उघडू नका. डिझेलमध्ये थंडीत डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो, तिथे ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) आधी बघा.

काळा म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. एअर फिल्टर आणि उघडा अडकलेला ईजीआर (जळका गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बघाच, पण टर्बो गाडीत माझा पहिला संशय बूस्टच्या होजवर. सेन्सरनं मोजलेली हवा पुढे भेगेतून निसटते, कॉम्प्युटर मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबानं इंधन ओततो. ही भेग बहुतेक होजच्या खालच्या अंगाला असते आणि दाब आल्याशिवाय उघडत नाही. होजचं तोंड बुचानं बंद करून अर्धा बार हवा भरा, फार तर एक, आणि साबणाचं पाणी फवारा. डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलच्या नळीचं टोक आतून काजळलेलं असेल तर फिल्टर फुटलाय किंवा आधीच्या मालकानं पोखरून टाकलाय.

माझं काम शेवटी नवी परतीची नळी, कोरडं गॅस्केट, नवं ऑईल आणि फिल्टर एवढ्यावर आटोपलं. जोडताना टर्बोच्या वरच्या भोकात थोडं ऑईल ओता, इंधनपंपाचा फ्यूज काढून ऑईलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा, मगच फ्यूज लावून चालू करा. चालू केल्यावर धूर आधीपेक्षा जास्त आला आणि माझं तोंड उतरलं. पण ते डाउनपाइपमध्ये आधीच साचलेलं ऑईल होतं. अर्धा तास हायवेला पळवल्यावर जळून गेलं. त्यानंतर एक हजार किलोमीटरनं, त्याच सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढली, खूण जिथल्या तिथे.

जुना टर्बो अजून माझ्या फडताळात आहे. शाफ्ट बोटानं फिरवला की अजूनही कुठे न घासता फिरतो.