टॉवर नसलेल्या विमानतळावर उतरताना या चुका टाळा

विमानांना सूचना देणारा कंट्रोल टॉवर नसला की ट्रॅफिक वैमानिकच आपापसात सांभाळतात. एकच फ्रिक्वेन्सी, तिच्यावर आपण कुठे आहोत ते सांगायचं आणि नजर बाहेर ठेवायची. अमेरिकेतले बहुतेक विमानतळ असेच चालतात, आणि एरवी नीट चालतात. घोटाळा होतो तो रेडिओवर बोलणं झालं म्हणजे सगळं ठरलं असं गृहीत धरलं की.

१९ नोव्हेंबर १९९६, क्विन्सी, इलिनॉय. एक प्रवासी बीच १९०० विमान उतरायला येत होतं. त्याच्या रनवेला छेदणाऱ्या दुसऱ्या रनवेच्या टोकाला एक किंग एअर विमान उभं होतं आणि त्याच्या मागे एक छोटं चेरोकी. बीचच्या वैमानिकांनी विचारलं, थांबताय की निघताय? किंग एअर गप्प. उत्तर दिलं ते मागच्या चेरोकीने, आणि त्यातला काही भाग बीचच्या कॉकपिटमधल्या उंचीच्या सूचनेखाली दबला. बीचला वाटलं, किंग एअरच थांबतंय. दोन्ही विमानं रनवेंच्या छेदावर आदळली, १४ जण गेले. म्हणून उत्तर आलं की ते कुणाचं, हे आधी पाहा. ज्याला विचारलं त्याचंच नाव किंवा विमानाचा प्रकार ऐकू आला नसेल तर पुन्हा विचारा, आणि तरी शंका राहिली तर सरळ गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा.

शांत फ्रिक्वेन्सी म्हणजे रिकामं आकाश, हीही तशीच समजूत. अमेरिकेत अशा अनेक ठिकाणी रेडिओ सक्तीचा नाही, आणि काही जुन्या विमानांत वीजयंत्रणाच नसते. एडीएस-बीच्या (विमानं आपली जागा प्रसारित करतात ती यंत्रणा) स्क्रीनवरही ती दिसत नाहीत. शिवाय कुणीतरी चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर छान बोलत असतोच.

‘परिसरातल्या सर्व विमानांनी कळवावं’ असा कॉल टाळा. सगळे एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. दहा मैलांवरूनच ऐकायला लागा. मग अंतर, दिशा, उंची आणि रनवे सांगा. विमानतळाचं नाव सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे घ्या, कारण तीच फ्रिक्वेन्सी शेजारचे विमानतळही वापरतात. इन्स्ट्रुमेंट अप्रोचवर, म्हणजे उपकरणांच्या आधारे उतरत असाल तर चार्टवरच्या बिंदूंची नावं सर्किटमधल्या (उतरण्याआधी रनवेभोवती घालायच्या आयताकृती फेरीतल्या) शिकाऊ वैमानिकाला काय कळणार? ‘पूर्वेला पाच मैल’ म्हणा.

सरळ फायनलवर, म्हणजे रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, येणं नियमबाह्य नाही, पण सर्किटमध्ये कुणी असताना वेगाने घुसणं धोक्याचं. १८ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिलमध्ये सर्किटमधलं सेसना १५२ आणि सरळ येणारं दोन इंजिनांचं सेसना ३४० फायनलवर धडकले; तिघांचा जीव गेला. ३४० चा वेग सुमारे १८० नॉट होता. फायनलवरच्याला, आणि त्यातही खालच्याला अग्रक्रम असतो हे खरं, पण खाली राहून दुसऱ्यापुढे घुसायला तोच नियम मनाई करतो. हक्काचा वाद उतरल्यावर घालावा.

आता डोळ्यांचं. धडकेच्या मार्गावरचं विमान काचेत सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि अगदी शेवटी एकदम मोठं होतं. त्यात उंच पंखांच्या विमानाला वरचं दिसत नाही, खालच्या पंखांच्या विमानाला खालचं. खालच्या पंखांचं वर आणि उंच पंखांचं खाली असं जोडपं फायनलवर उतरत असेल तर दोघंही आंधळे. म्हणून सर्किटमध्ये उतरत उतरत शिरू नका. सर्किटची उंची, बहुधा जमिनीपासून १००० फूट, बाहेरच गाठा, लँडिंग लाइट लावा आणि ४५ अंशांतून डाउनविंडला, म्हणजे सर्किटच्या रनवेला समांतर बाजूला, या.

पुढचं विमान दिसेनासं झालं तर बेसला, म्हणजे फायनलकडे नेणाऱ्या आडव्या बाजूला, वळू नका. डाउनविंड लांबवा आणि तसं कळवा. जागा करण्यासाठी सर्किटमध्येच गोल फिरणं सगळ्यात वाईट. मागच्याच्या तोंडावर जाल. दोघं वेगवेगळ्या रनवेचे कॉल देत असतील तर वाद न घालता बाहेर पडा, वारा पुन्हा पाहा आणि नव्याने या.

टेकऑफला निघतानाही विमान थोडं तिरकं उभं करून फायनल पाहा, दोन्ही टोकांची.