झिजलेल्या नाण्यावरील टांकसाळीचे चिन्ह कसे ओळखावे

मराठवाड्यातील जुन्या घरांत नाण्यांचा डबा निघाला, की त्यात बहुधा दोन राजवटींची चलने एकत्र झालेली असतात. निजामाचा हाली सिक्का आणि ब्रिटिश सरकारचा कलदार येथे शेजारी-शेजारी नांदत होते, सात हालींना सहा कलदार असा त्यांचा हिशेब होता, आणि पुढे १९५७ च्या दशमान पद्धतीची पैशांची नाणीही त्याच डब्यात पडत गेली. त्यामुळे भिंग हातात घेण्यापूर्वी उर्दू-फारसी लेखनाची नाणी, राजा-राणीचे मुख असलेली नाणी आणि स्वतंत्र भारताची नाणी असे तीन ढीग करावेत. प्रत्येक ढिगाला लागणारी पारख निराळी आहे.

नाणे उजळण्याचा मोह मात्र टाळावा. चिंच, राख, रांगोळी किंवा बाजारातील पॉलिश यांनी नाणे चकाकते खरे, पण टांकसाळीचे चिन्ह म्हणजे धातूचा अगदी बारीक उंचवटा असतो आणि घासताना सर्वांत आधी तोच जातो. माती चिकटली असेल तर नाणे साध्या पाण्यात भिजत ठेवावे आणि मऊ कापडाने न घासता टिपून घ्यावे. सराफ वापरतात तसे दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो उजेड: दिवा डोक्यावर न ठेवता एका बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवावा आणि नाणे कडेने धरून सावकाश फिरवावे, म्हणजे झिजलेल्या उंचवट्याचीही सावली पडते.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर चिन्ह सामान्यतः वर्षाच्या आकड्यांखाली असते. मुंबईचे चिन्ह पत्त्यांतील चौकटीसारखे, हैदराबादचे पाच टोकांची चांदणी, नोएडाचे गोल ठिपका; कोलकात्याच्या नाण्यावर चिन्हच नसते. हैदराबादची चांदणी मात्र आरंभापासूनची नाही. निजामाची ही टांकसाळ १९५० मध्ये भारत सरकारकडे आली, आणि त्यानंतरच्या काळात तिच्या नाण्यांवर आधी मधोमध दुभंगलेली चौकट, तर १९६० च्या दशकात पोटात ठिपका असलेली चौकट दिसते. त्या काळातील नव्या पैशांवर चौकट दिसताच ‘मुंबई’ असे लिहून मोकळे होणारे बरेच जण असतात. चौकटीच्या मध्यभागी फट किंवा ठिपका आहे का, हे तिरप्या उजेडात पाहिल्याशिवाय तसा निर्णय देऊ नये.

खरी अडचण झिजलेल्या चिन्हाची आहे, कारण चौकट, चांदणी आणि ठिपका ही तिन्ही चिन्हे झिजली की वरवर पाहता एकसारखी भासतात. येथे आकाराआधी वर्ष वाचावे. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली. म्हणून १९८४ च्या पन्नास पैशांवर गोलसर पुटकुळी दिसली तर ती नोएडाची असू शकत नाही आणि निवड मुंबई किंवा हैदराबाद यांच्यातच उरते. त्यानंतर चिन्हाचा माथा न पाहता पायथा पाहावा, कारण झीज वरून सुरू होते आणि पायथ्याची बाह्यरेषा सर्वांत शेवटी पुसली जाते. सावलीची कड सरळ रेषेत तुटत असेल तर चौकट, सलग वळत असेल तर ठिपका, आणि तीत एखादी जरी खाच दिसली तरी चांदणी समजावी.

कोलकाता ठरवणे मला सर्वांत जोखमीचे वाटते, कारण तेथे पुरावा म्हणजे चिन्हाचा अभाव. वर्षाच्या आकड्यांच्या खालच्या कडा ठसठशीत असतील आणि त्यांच्याखालची जागा सपाट व अखंड असेल, तरच नाणे कोलकात्याचे मानावे. आकड्यांचे पायच झिजले असतील तर ‘चिन्ह वाचता येत नाही’ अशी नोंद करणे अधिक प्रामाणिक ठरते. कधीकधी ठशाच्या खाचेत तेल किंवा घाण भरल्यामुळे चिन्ह मुळातच उमटत नाही, आणि कधी कोणी ते मुद्दाम खरवडून काढलेले असते. दुसऱ्या प्रकारात त्या जागेवर एका दिशेच्या बारीक रेघा किंवा किंचित खोलगट भाग सापडतो.

परदेशात पाडून घेतलेल्या नाण्यांचा प्रकार थोडक्यात सांगतो. १९८५ च्या रुपयावर वर्षाखाली इंग्रजी ‘एच’ दिसल्यास तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा असतो.

कलदारांत पंचम जॉर्जच्या रुपयाची मागची बाजू पाहावी. तेथे तळाशी कमळाखाली उठावाचा बारीक ठिपका असेल तर नाणे मुंबईचे, नसेल तर कोलकात्याचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाहोरलाही टांकसाळ चालू होती आणि तिच्या नाण्यांवर ‘एल’ हे अक्षर आढळते.

हाली सिक्क्यांवर अशा खुणा शोधण्यात अर्थ नाही, कारण तेथे टांकसाळीचे नाव लेखातच असते: ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’. मोगल काळातील औरंगाबादच्या नाण्यांवर असेच ‘खुजिस्ता बुनियाद’ येते. चारमिनारचे चित्र असलेल्या हाली नाण्यांवर भिंग लावण्याची जागा म्हणजे मधली कमान. तीत ‘मीम’ हे उर्दू अक्षर असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांचे, ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खान यांचे. हिजरी १३२९ या एकाच वर्षात, म्हणजे १९११ मध्ये, पहिल्यांचे निधन झाले आणि दुसरे गादीवर आले, त्यामुळे या वर्षाच्या नाण्यावर केवळ साल वाचून भागत नाही. उस्मान अली खान यांच्या आरंभीच्या रुपयांवर हे ‘ऐन’ आखूड आहे आणि नंतरच्यांवर पूर्ण. दोन रुपये शेजारी ठेवून एकाच दिव्याखाली पाहिल्यास हा फरक चटकन लक्षात येतो, आणि पाकिटावर नोंद करताना साल, राज्यारोहण वर्ष आणि ‘ऐन’चा प्रकार ही तिन्ही वेगवेगळी लिहावीत.