रेशमाचा धागा तुटतोय? जातीला दोष देण्याआधी या चुका टाळा

कोष पोचट निघाले किंवा रिलिंगला (कोषातून धागा उलगडून काढताना) तो सारखा तुटायला लागला की बरेचजण लगेच म्हणतात, रेशीमकिड्याची जातच खराब. असेलही, पण आधी तपासा ना.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे संकरित कोषांतून पतंग काढून घरीच अंडी धरणं. पहिल्या पिढीत दोन वेगळ्या जातींचा क्रॉस असतो म्हणून अळ्या तगड्या आणि कोष एकसारखे, पण त्यांचीच पुढची पिढी घेतली की सगळे गुण विस्कटतात, एकाचा धागा जाड तर दुसऱ्याचा बारीक, आणि असा मिक्स माल एकत्र रिळला की सुताची जाडी एकसारखी येतच नाही. जपानच्या तोयामा कामेतारोंनी १९०६ च्या सुमारास रेशीमकिड्यात मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम दाखवले आणि पहिल्याच पिढीचा संकर वापरा म्हणून सांगितलं. तरी लोक अंडी वाचवायला जातात!

दुसरं म्हणजे नुसतं कोषाचं वजन बघून पैदाशीचे कोष निवडणं. अहो, त्यात बहुतेक वजन आतल्या प्युपाचं (कोषातल्या किड्याचं), त्यात मादी अंड्यांमुळे अजूनच जड. काही कोष कापून नुसतं कवच तोला, एकूण वजनाच्या किती टक्के भरतं ते बघा.

रंगावर तर जाऊच नका. पिवळेपणा येतो तो तुतीच्या पानातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामधून, तो रेशीमग्रंथीपर्यंत पोचू द्यायचा की नाही हे जीन ठरवतात, पण बसतो मुख्यतः वरच्या सेरिसिनमध्ये (धाग्यावरच्या डिंकासारख्या थरात) आणि डिगमिंगला, म्हणजे तो थर काढताना, बराचसा धुऊन जातो. ताकद असते आतल्या फायब्रोइनमध्ये, म्हणजे खऱ्या रेशीमतंतूत.

मग दोष जीनचाच आहे हे ओळखायचं कसं? एकाच लॉटची अंडी दोन ठिकाणी वाढवा. दोन्हीकडे तोच प्रॉब्लेम आला तर जातीवर संशय घ्या, एकीकडे कोष चांगले आले तर संगोपन बघा, विशेषतः चंद्रिकेवरची (अळ्या जिच्यावर कोष विणतात तिच्यावरची) ओल, कारण दमट हवेत सेरिसिन नीट वाळत नाही, थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि धागा सुटताना तुटतो. जीन म्हणजेच सगळं नाही, त्याच अळीचा धागा जास्त वेगाने ओढून काढला तर तो जास्त मजबूत निघतो (मात्र कमी लांबतो), हे २००२ मध्ये प्रयोगात दिसलंय.

आणि पेब्रिन. आईकडून अंड्यात उतरतो म्हणून आनुवंशिक वाटतो, पण तो परजीवीचा रोग आहे, जात बदलून जात नाही, मादी पतंग मायक्रोस्कोपखाली तपासलेलीच अंडी घ्या.