इंदूरला गाडीवर आलात, तर वेळेचा हिशोब आधी लावा

धुळे, जळगाव, मालेगावकडून आपली पोरं इंदूरला ट्रकवर कामाला येत असतात. कुणी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांचा माल भरतो, कुणी देवास नाक्यावरच्या ट्रान्सपोर्टची गाडी धरतो. मीही खान्देशातलाच. आधी बरीच वर्षं स्टिअरिंगवर होतो, आता ऑफिसात बसून गाड्या लावतो. नवीन माणूस आला की तो पगार विचारतो, भत्ता विचारतो, खोली विचारतो. झोपायचं कधी, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

बाकीचं पटकन सांगतो. महाराष्ट्राचं लायसन्स देशभर चालतं, इथे येऊन नवीन काढायची गरज नाही. घरमालक पोलिस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरायला सांगेल, तो भरून टाका, उगाच टाळाटाळ नको. स्वतःची गाडी घेऊन आला असाल आणि ती 12 महिन्यांपेक्षा जास्त इथेच राहणार असेल, तर नोंदणी बदलावी लागते, ते आरटीओत जाऊन विचारून घ्या. मराठी माणूस इंदुरात जागोजागी आहे, भाषेची अडचण येत नाही. खोली बघताना मात्र दहा जणांचं ऐकू नका, माझं एक ऐका: स्वस्त खोलीपेक्षा शांत खोली घ्या. तुम्ही रात्री गाडी चालवून सकाळी घरी याल आणि दुपारी झोपाल. खाली वेल्डिंगचं दुकान असेल तर वाचवलेले पैसे कामाचे नाहीत.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरला दिवसात 11 तासांच्या वर गाडी चालवता येत नाही आणि ते तास केबिनमधलं यंत्र मोजतं. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास काम ठरवलं. लांबच्या रूटवर परवानगी घेऊन ते 10 आणि 54 तासांपर्यंत नेता येत होतं. सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याला एक सुट्टी, हेही त्यातच लिहिलं होतं. नितीन गडकरींनी 2021 मध्ये ट्रकवाल्यांचे तास ठरवून द्यायला हवेत असं जाहीरपणे सांगितलं. पण रस्त्यावर तुमचे तास मोजणारं कुणी भेटत नाही. नाक्यावर कागद बघतात, वजन बघतात, पीयूसी बघतात. तुम्ही कधीपासून जागे आहात हे कुणी विचारत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर चालणाऱ्या गाडीवर दोन ड्रायव्हर असणं नियमाने बंधनकारक होतं. 2018 मध्ये ती अट काढली. मालकाचा खर्च वाचला, पण दुसऱ्या माणसाचा जागरणाचा वाटाही तुमच्याच अंगावर आला. म्हणून नोकरी धरताना पहिला प्रश्न हा विचारा: गाडीवर दुसरा ड्रायव्हर आहे का? नसेल, तर मुंबईची ट्रिप एका रात्रीत मागणाऱ्या शेठकडे थांबू नका. मी हे मनापासून सांगतो आहे.

हिशोब करून दाखवतो. पीथमपूर ते मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर साधारण 600 किलोमीटर. भरलेली गाडी, दोन-तीन घाट, टोल, ट्रॅफिक हे सगळं धरून ताशी 35 ते 40 चा अॅव्हरेज पडतो. म्हणजे नुसतं चालवायलाच 15 ते 17 तास. एका माणसाने हे एका दमात करायचं कामच नाही. ते दोन दिवसांचं काम आहे, मध्ये पूर्ण झोप घेऊन.

आणि कागदही हेच सांगतो. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची मुदत साध्या मालाला दर 200 किलोमीटरमागे एक दिवस अशी असते. पहिला दिवस बिल निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे 600 किलोमीटरचं बिल 14 तारखेला निघालं, तर ते 17 तारीख संपेपर्यंत चालतं. शेठ फोनवर सांगेल, "बिल संपेल, दाब गाडी." आधी बिलावरची तारीख बघा. बहुतेक वेळा घाई बिलाला नसते, माल मागवणाऱ्या पार्टीला असते. खरोखर मुदत संपत आली असेल, गाडी बिघडली किंवा रस्ता बंद झाला, तर मुदत संपण्याच्या आधीच्या 8 तासांत किंवा नंतरच्या 8 तासांत ट्रान्सपोर्टरला ती कारण देऊन वाढवता येते. तुम्ही वेळेवर फोन केला तरच ऑफिस ते करू शकेल. गाडी बदलली तर नवीन नंबर बिलात चढलाय का, तेही निघण्याआधी बघा.

वेळ जातो तो रस्त्यावर कमी आणि गेटवर जास्त. पीथमपूरला सकाळी सातला गाडी लावली, नंबर लागला दुपारी, भरून ताडपत्री-रस्सा होईपर्यंत अंधार पडला, असं नेहमी होतं. गेटवरचा गार्ड गाडी आत घेतल्यावर रजिस्टरमध्ये टाइम लिहितो, तुम्ही बाहेर लाइनीत उभे होता त्याची कुठेच नोंद राहत नाही. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या गेटचा आणि गाडीचा फोटो काढून ऑफिसच्या व्हॉट्सअॅपवर टाका. हाल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे मागायला तोच पुरावा लागतो. आणि लाइनीत उभे असताना मोबाइल बघत बसू नका, केबिनमध्ये आडवे व्हा. खलाशाला, म्हणजे क्लीनरला सांगा, गाडी पुढे सरकवायची वेळ आली की उठव. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. अशी गाडी मिळाली तर मे महिन्यातली ही दुपारची झोप खरी लागते. जुन्या गाडीत सावली शोधायची आणि दोन्ही दारं उघडी टाकायची.

भरून रात्री नऊला सुटलात, तर मानपूरच्या पुढे गणेश घाटाचा उतार आहे. तिथे ब्रेक निकामी होऊन पूर्वी फार जीव गेलेत. जो गिअर चढायला लागतो तोच उतरताना ठेवायचा, न्यूट्रल कधीच नाही. घाटाआधी गाडी थांबवून ब्रेकची हवा किती आहे बघा, घाट संपल्यावर एकदा खाली उतरून चाकाजवळ हात न्या. ब्रेकच्या ड्रममधून जळका वास येत असेल किंवा धग लागत असेल, तर पुढे निघू नका. थंड होऊ द्या. त्यावर पाणी मारायचं नाही, तापलेला ड्रम तडकतो. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटातही हीच शिस्त.

पहाटे दोन ते पाच या वेळात गाडी उभी असेल असं बसवा. या वेळी शरीर झोप मागतंच, चहाने किंवा तंबाखूने ती फक्त पुढे ढकलली जाते. डोळे उघडे असूनही मागचा टोल कधी गेला ते आठवत नसेल, तर पुढच्या ढाब्यावर वळा. माझा सल्ला: सेंधव्याच्या आधी थांबा, उजाडल्यावर बिजासन उतरा, शिरपूरला जेवा. दुसरा टप्पा दुपारनंतर धुळ्याहून. नातेवाईक तिकडे आहेत म्हणून गप्पांत झोप घालवू नका.

परतीला इंदुरात शिरताना नो एंट्रीची वेळ सांभाळा. जड गाड्यांना दिवसा शहरात बंदी असते, शहरातल्या सियागंज बाजाराचा माल असेल तर बायपासवर थांबून वाट बघावी लागते. वेळा बदलतात, म्हणून निघतानाच ऑफिसला विचारा. 15 सप्टेंबर 2025 च्या संध्याकाळी विमानतळ रस्त्यावर, कालानी नगर ते बडा गणपती या पट्ट्यात, एक ट्रक नो एंट्रीत घुसून लोकांना चिरडत गेला. ड्रायव्हर दारू प्यायलेला होता. त्या रस्त्यावर आपल्यासारखीच घरी निघालेली माणसं होती. "पाच मिनिटांत निघून जाऊ" असं शेठ म्हणाला तरी वळू नका, चालान आणि लायसन्स दोन्ही तुमच्या नावावर आहेत.

ओव्हरलोडचंही तसंच. दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घाटात ब्रेकवर येणारा भार. वजनकाट्याची पावती बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.

पीएफ कापला जात नसेल तर ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्या, सीएससी या सरकारी सेवा केंद्रावर होते. आणि खिशात एक छोटी वही ठेवा: गेटवर पोहोचलो, भरून सुटलो, थांबलो, झोपलो, उठलो, प्रत्येक वेळी घड्याळ बघून लिहा. महिनाअखेरीला शेठशी हाल्टिंगचं बोलताना ती वही समोर ठेवा. माझ्या टेबलावर जो ड्रायव्हर अशी वही आणतो, त्याला मी पुढची गाडी देताना आधी त्यातले झोपेचे तास बघतो, मग ट्रिप सांगतो.