चुन्याच्या डबीतले रंग

साताऱ्यात शाळेसमोर माझं स्टेशनरीचं दुकान आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा जवळ आल्या की कार्ट्रिज पेपर आणि पोस्टर कलरवर उड्या पडतात. वर्षभर जे खपत नाही ते माझ्या वाट्याला येतं. रविवारी दुकान बंद असतं. सकाळी वाईची एसटी पकडायची, घाटावर बसून दोन-तीन चित्रं काढायची आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं, हे गेली नऊ वर्षं चाललंय. आता गिऱ्हाईकंही विचारतात, "काका, प्रवासात चित्र काढायला काय काय घेऊ?" धंदा म्हणून मी चोवीस रंगांची पेटी पुढे सरकवायला हवी. सरकवत नाही.

पहिल्या खेपेला मीच तसली पेटी आणि लाकडी स्टँड घेऊन गेलो होतो. ढोल्या गणपतीसमोर सामान मांडेपर्यंत ऊन चढलं, आणि भोवती जमलेल्या पोरांना रंगांची नावं सांगण्यात उरलेली सकाळ गेली. कागद कोराच परत आला.

आता माझा हिशेब असा: ओळखीच्या दोन वस्तू आणि अनोळखी एक. बॉलपेन आणि ब्रश कायमचे. तिसरी वस्तू दर खेपेला वेगळी: खडू, मेणबत्तीचा तुकडा, बोरू, काहीही. दोन नव्या वस्तू एकदम नेल्या तर चित्र कशामुळं बिघडलं ते कळतच नाही.

कागदात मात्र काटकसर करू नका. कार्ट्रिजवर पाणी पडलं की पापडासारखा फुगतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, २२ बाय ३० इंची मोठा ताव घ्या आणि त्याचे आठ तुकडे करा. साडेसात बाय अकराचा तुकडा मांडीवर मावतो. खाली जुन्या बॉक्स फाइलचा पुठ्ठा आणि वर दोन क्लिपा, झाला बोर्ड. रंगांसाठी मी पानवाल्याकडची चुना-तंबाखूची डबी वापरतो. दोन बाजूंना दोन झाकणं असतात. एका कप्प्यात अल्ट्रामरीन हा गडद निळा, दुसऱ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, ट्यूबमधून पिळून दोन दिवस वाळवायचे. या दोघांच्या मिश्रणातून घाटाच्या काळ्या दगडाचा हवा तो करडा मिळतो, ओल्या पायरीचासुद्धा. तोटा एकच, डबी उघडली की शेजारी बसलेले आजोबा हात पुढे करतात.

शाईचं आधी घरी तपासा. रेघ मारा, पाच मिनिटं थांबा आणि ओलं बोट फिरवा. बॉलपेनची शाई तेलकट असते, जागची हलत नाही. फाउंटन पेनची साधी निळी शाई पाण्यात पसरते. हे मला माहीत असूनही एकदा त्याच शाईनं अख्खं देऊळ काढलं आणि वर रंगाचा हात मारला. शिखरापासून पायरीपर्यंत सगळं निळं झालं.

पुढं तीच खोड कामाला आली. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं, रास्त्यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. मागच्या बाजूनं पाहिलं तर होडीच्या नाळेसारखी एक उभी धार दिसते. बहुतेक जण शिखरापासून सुरुवात करतात आणि खाली येईपर्यंत कागद संपतो. तुम्ही आधी ती धार काढा, बॉलपेननं, एका दमात. मग सावलीच्या अंगाला तेवढ्या निळ्या शाईच्या तिरक्या रेघा मारा आणि ओला ब्रश वरून खाली एकदाच ओढा. रेघांमधूनच सावली उतरते. उन्हाची बाजू कोरी सोडा. परत परत ब्रश फिरवलात तर चिखल होतो.

बसायचं सावलीत, आणि कागदही सावलीतच हवा. कागदावर ऊन असलं की रंग फिके वाटतात, आपण गडद देत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.

आता माझा आवडता उद्योग, मातीचा रंग. वाईत खाली सगळा काळा पाषाण. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलं की जांभा लागतो आणि माती तांबडी होते. तिथल्या रस्त्याकडेची मूठभर माती रुमालात बांधून आणली. ढेकळं फोडली, खडे वेचले, माती बादलीभर पाण्यात ढवळली. अर्धा मिनिट थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं, तळाची वाळू टाकून दिली. रात्रभर ठेवलं की गाळ बसतो. वरचं निवळ पाणी काढून गाळ वाळवायचा आणि जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून चाळायचा. तुकडा विचारून घ्या, मी विचारला नव्हता.

डिंक बाभळीचा. एक माप डिंक दोन मापं कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. किराणा दुकानात मागताना नीट बघा, काही डिंक पाण्यात नुसता फुगतो, विरघळत नाही, तो नको. दोन चमचे मातीला एक चमचा डिंकाचं पाणी, चार थेंब मध म्हणजे वाळल्यावर तडकत नाही, आणि बुरशी धरू नये म्हणून थेंबभर लवंगेचं तेल. हे सगळं काचेवर घोटायचं. मी दुकानातला सपाट बुडाचा काचेचा पेपरवेट वापरतो. बोटात कण लागेनासा होईपर्यंत, म्हणजे चांगला अर्धा तास. कागदावर लावून वाळल्यावर बोट घासा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी, चकाकून भेगा पडल्या तर जास्त. कौलांसाठी याच्या तोडीचा रंग मला ट्यूबमध्ये सापडलेला नाही.

हळदीच्या नादाला मात्र लागू नका. पिवळी लावा, चुना लावून कुंकवासारखी लाल करा, मजा येते, पण उजेडात टिकत नाही. दुकानाच्या काउंटरमागं लावलेल्या चित्रातली माझी झेंडूची फुलं चार महिन्यांत उडाली, देठं राहिली.

पावसाळ्यात पाण्याचे रंग वाळत नाहीत. तेव्हा बॉलपेनचं काम करून वर मेणबत्तीच्या रेघा मारायच्या आणि एकच पातळ रंग फिरवायचा. मेणावर रंग धरत नाही, पावसाच्या पांढऱ्या सरी उमटतात. क्रम उलटा केलात तर मेणावरून पेन घसरतं.

घरी आलो की प्रत्येक चित्रामागं पेन्सिलीनं लिहितो. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. तिच्या चित्रामागं लिहिलंय: "मेणवली, ११ ते ११.३५. पाचगणीची माती. डिंक कमी. घंटा वाकडी, पिंपळ बरा."